शिल्लकेचा रकाना

माझ्या टेबलाच्या खणात एक दोनशे पानी लाँगबुक आहे. पहिल्या पानावर लाल शाईने सहा रकाने आखलेत: तारीख, पात्र, मजला, टर्न, कशाने, शिल्लक. पहिली नोंद २ जुलैची. टूरिस्ट, मजला १, टर्न ८७, कोल्हे. शेवटचा रकाना त्या दिवशी नव्हता. तो मी ऑगस्टमध्ये पट्टी धरून आखला, आधीच्या अकरा ओळींना जोडून. नेटहॅक या कॉम्प्युटरवरच्या खेळात माझं जरा बरं चालायला लागलं ते तिथून पुढे.

मी नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका ऑफिसात जीएसटीची रिटर्न भरण्याचं काम करते. राहते पंचवटीत, मामांच्या घरी, वरच्या खोलीत. मामांचं भांडी बाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. मामेभाऊ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. जूनअखेरीस त्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवर उबंटू टाकून दिलं आणि जाता जाता त्यात एक खेळ बसवला. "ताई, यात चित्रं नाहीत. पण आठ दिवस तरी सोडू नकोस," एवढंच म्हणाला.

चित्रं खरंच नाहीत. काळ्या पडद्यावर ठिपके म्हणजे जमीन, आडव्या-उभ्या रेघा म्हणजे भिंती, ईमेलच्या पत्त्यात असतं ते ॲटचं चिन्ह म्हणजे आपण. इंग्रजी अक्षरं म्हणजे प्राणी. डी म्हणजे कुत्र्या-कोल्ह्यांची जात, एफ म्हणजे बुरशी, एच म्हणजे ड्वार्फ नावाचे बुटके आणि त्यांचे भाऊबंद. तळाला दोन ओळींत आपला हिशेब: ताकद, चिलखताचा आकडा, आणि सगळ्यात महत्त्वाचे एचपी, म्हणजे अंगात किती जीव उरलाय. १९८० च्या सुमारास युनिक्सवर रोग नावाचा खेळ आला, त्यावरून या जातीला रोगलाइक म्हणतात. रोगच्या धर्तीवर १९८२ मध्ये हॅक झाला आणि हॅकवरून १९८७ मध्ये नेटहॅक. त्याच्या आवृत्त्या अजून निघतात, माझ्याकडे ३.६ आहे.

दोन गोष्टी आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. एक, भुयार दर वेळी नव्याने रचलं जातं आणि मेलं की मेलं. सेव्ह करता येतं ते फक्त उद्या पुढे खेळण्यासाठी; मरण आलं की मागे फिरून तिथूनच पुन्हा सुरुवात नाही. दोन, तुम्ही कळ दाबेपर्यंत तिथलं जग थांबलेलं असतं; तुमची एक चाल म्हणजे साधारण एक टर्न. कोल्ह्याचा जबडा उघडा आणि तुमचा एकच एचपी उरलेला असला तरी तुम्ही खाली जाऊन जेवून या, तो तसाच उभा राहील. हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. पण त्याचा अर्थ कळायला महिना गेला.

खेळाचं उद्दिष्ट पार तळातून येंडोरचा ताईत वर आणण्याचं. मी त्याच्या जवळपासही गेलेले नाही. मी सांगणार आहे ते पहिल्या पाच-सहा मजल्यांचं, जिथे नवा माणूस पुन्हा पुन्हा मरतो.

पात्र निवडताना मी टूरिस्ट घेतला. कॅमेरा मिळतो, पैसे भरपूर मिळतात, हे वाचून बरं वाटलं. एचपी मात्र १०. पहिल्याच मोठ्या खोलीच्या मधोमध चार कोल्ह्यांनी गाठलं. मी भराभर कळा दाबत लढत राहिले. दहाचे सात झाले, साताचे चार. संकटात देवाची प्रार्थना करता येते हे मामेभावाने सांगितलं होतं, म्हणून ती केली. देवता नाराज झाल्याचा संदेश आला आणि पुढच्या दोन टर्नमध्ये पडद्यावर थडगं उभं राहिलं. त्यावर माझं नाव आणि खाली कोल्ह्याचं. मग खेळ विचारतो, तुमच्या सामानाची यादी दाखवू का? मी हो म्हटलं. यादीत एक्स्ट्रा हीलिंगच्या दोन बाटल्या होत्या. त्या पहिल्या टर्नपासून माझ्या पिशवीत होत्या, नावासकट.

जुलैभर असंच चाललं. रोज रात्री जेवणं झाली की तासभर. सगळी मरणं सांगत बसत नाही, पण दोन सांगायलाच हवीत, कारण नाशिक काय नि नागपूर काय, हा खेळ हाती घेणारा प्रत्येक जण या दोन खड्ड्यांत पडतो.

पहिला खड्डा निळ्या ईचा. ई हे अक्षर म्हणजे डोळा किंवा गोळा, आणि निळा ई म्हणजे फ्लोटिंग आय, तरंगता डोळा. तो जवळजवळ हलत नाही. स्वतःहून चावत नाही, मारत नाही. मी हातात तलवार घेऊन गेले आणि घाव घातला. त्याच्या नजरेने मी गोठले. गोठले म्हणजे टर्नमागून टर्न जात राहिले आणि मला एकही कळ दाबता येईना. तेवढ्यात एक न्यूट आला. न्यूट हा या खेळातला सगळ्यात किरकोळ प्राणी, पिवळा कोलन, त्याचा चावा जेमतेम एक ते तीन एचपीचा. त्याने मला सावकाश, एकेक चावा घेत संपवलं. मी ते बघत बसले. त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही. आता अनोळखी अक्षर दिसलं की आधी सेमीकोलनची कळ दाबून त्याच्यावर बोट ठेवते, म्हणजे खेळ त्याचं नाव सांगतो. याला टर्न लागत नाही. निळा डोळा असेल तर वळसा घालते, नाहीतर लांबून खंजीर फेकून मारते. मारला तर तो खाण्यासारखा असतो, त्याने अंगी टेलिपथी येते. पण ते लांबून जमलं तरच.

दुसरा खड्डा शिळ्या मांसाचा. तिसऱ्या मजल्यावर 'हंग्री' असं खाली दिसायला लागलं. वाटेत एक कलेवर पडलेलं होतं, कधीचं ते माहीत नाही. खाल्लं. मांस नासलेलं होतं आणि मी मरणाची आजारी आहे, असा संदेश आला. त्यानंतर दहा-वीस टर्न मिळतात. मी ते जिना शोधण्यात घालवले. कलेवर पडून पन्नासेक टर्न झाले की ते विषारी असण्याचा धोका सुरू होतो, हे नंतर कळलं. लायकेन नावाची बुरशी आणि लिझर्ड नावाचा सरडा हे दोनच सहसा हाती लागणारे जीव असे, की ज्यांचं कलेवर कधी नासत नाही. ती मी डब्यात भरून ठेवल्यासारखी जपते. बाकी नियम मामींचाच: पावसाळ्यात आपल्या डोळ्यांसमोर शिजलेलंच खायचं. मी आता आत्ताच मारलेलंच खाते, तेही नाव वाचून.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्र्यंबकच्या बाजूला पावसाने जोर धरला. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी दुपारी आली. मी ऑफिसातून लवकर निघून भांडी बाजारात गेले. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची मोठी मूर्ती आहे, आणि पाणी मारुतीच्या कुठवर आलंय यावरून जुनं नाशिक पुराचा अंदाज घेतं. क्युसेकचे आकडे मोबाइलवर येतात, पण गल्लीत विचारतात ते हेच: मारुतीच्या गुडघ्याला आहे, का कमरेला?

मी पोचले तेव्हा पाणी नुकतं कमरेला लागलं होतं. दुकान अजून कोरडं ठणठणीत होतं. उंबऱ्याबाहेर फरशीवर पावसाचं पाणी होतं तेवढंच. तरी मामा माल वर चढवत होते. मी घागरी एकात एक घालून, मध्ये जुना पेपर कोंबून माळ्यावर द्यायला लागले. घंगाळी, पराती, दोन तांब्याचे बंब. बंब दोघांनी धरूनही जिन्यात अडकत होते. शेजारचे एक दुकानदार खुर्चीवर बसून बघत होते. म्हणाले, अजून वेळ आहे की. मी मामांना तेच विचारलं.

मामा बंबाखाली खांदा देत म्हणाले, "अगं, कमरेला आहे तोवर गल्लीत टेम्पो येतो. हमाल मिळतो. जिना कोरडा असतो. छातीला लागलं की माल तोच, माणसं तीच, जिनाही तोच, पण त्यातलं काही वापरता येत नाही. एकोणीस सालच्या पुरात ज्यांचा माल गेला, त्यांच्याकडे माळे नव्हते असं थोडंच आहे?"

त्या वेळी पाणी आमच्या उंबऱ्याच्या अलीकडेच थांबलं आणि पहाटे ओसरलं. माल पुन्हा खाली उतरवायला दोन दिवस लागले. पण मी त्याच रात्री, अंगाला पितळेचा वास येत असताना, लाँगबुक उघडलं आणि सहावा रकाना आखला. शिल्लक. मेले तेव्हा पिशवीत आणि आजूबाजूला वापरण्यासारखं काय उरलं होतं?

अकरा ओळी आठवून भरल्या. कोल्हे: हीलिंगच्या दोन बाटल्या, डार्ट, कॅमेरा, मागे चार पावलांवर बोळ. शिळं मांस: टर्न १४०० च्या पुढे होते, एकदाही प्रार्थना केलेली नव्हती, ती केली असती तर आजार जागेवर बरा झाला असता. एक विझर्ड उंदरांच्या हातून मेला, त्याच्याकडे स्लीपची छडी होती. एक जण जिन्यावर उभा असताना मेला. जिन्यावर! एक कळ दाबली असती तर वरच्या मजल्यावर असता. अकरांपैकी एकच ओळ अशी निघाली जिथे शिल्लक शून्य होती. बाकीच्या दहा वेळा मी भरल्या दुकानात बुडाले होते.

मी रोज लोकांचे खाते-उतारे बघते, तरी ही गोष्ट मला दिसायला महिना लागला, कारण मी फक्त 'कशाने' एवढंच लिहीत होते. कशाने हा रकाना शत्रूचा आहे. तो वाचून माणूस पुढच्या वेळी कोल्ह्याला घाबरतो, एवढंच.

मग मी पहिल्या पानावर मारुती काढला. चित्र नाही, तीन ओळी. गुडघा: एचपी पाऊणवर आले, लक्ष ठेवायचं. कमर: निम्म्यावर आले, कळांवरून हात उचलायचे, पेनाने शिल्लक लिहून काढायची आणि मगच पुढची कळ. गळा: सातव्या हिश्श्यावर किंवा पाचावर आले, तर प्रार्थना. हा सातवा हिस्सा माझा नाही, खेळाचाच आहे. एचपी पाच किंवा त्याहून कमी, अथवा कमाल एचपीच्या सातव्या हिश्श्याइतके उरले की देव त्याला मोठं संकट मानतो आणि पूर्ण बरं करतो. त्याच्या आधी केलेली प्रार्थना उगाच त्रास दिल्यासारखी होते. शिवाय खेळ सुरू होताना देवाचा एक काटा साधारण ३०० वर असतो आणि दर टर्नला एकने उतरतो. मोठ्या संकटात तो २०० पर्यंत उतरलेला चालतो. ८७ व्या टर्नला माझी प्रार्थना का फुकट गेली ते आता कळलं असेल. एकदा ऐकली गेली की काटा पुन्हा वर जातो, कधी थोडा कधी बराच, म्हणून दोन प्रार्थनांमध्ये १००० टर्न सोडायचे. मी प्रत्येक प्रार्थनेचा टर्न लाँगबुकात लिहिते. हा आकडा लक्षात ठेवण्याच्या भरवशावर राहू नये.

पात्रही बदललं. वाल्किरी, म्हणजे लढवय्यी बाई, घेतली. नव्या माणसाने हीच घ्यावी असं मीही म्हणेन. हातात चांगली लांब तलवार, एक खंजीर, ढाल, थंडीचा त्रास नाही, चालण्याचा आवाज नाही, आणि एचपी सुरुवातीलाच सोळा. तिच्यासोबतही कोल्हे आलेच. या वेळी मी ते दिसताच मागे सरकून बोळात शिरले. बोळात समोरून एकच जण येऊ शकतो. चार कोल्ह्यांशी लढण्याऐवजी एकाच कोल्ह्याशी चार वेळा लढायचं.

सोबत मिळणारं मांजराचं पिल्लू किंवा कुत्र्याचं पिल्लू मी आधी वाटेत सोडून पुढे पळायची. जिना उतरताना ते अगदी शेजारच्या घरात, म्हणजे लगतच्या चौकोनात, असेल तरच सोबत येतं, आणि मला थांबायला नको असायचं. आता थांबते. ते लढतं हा फायदा तर आहेच, पण त्याहून मोठा फायदा असा की शापित वस्तूवर ते पाय ठेवायला कचरतं आणि तसा संदेशही येतो. जमिनीवर लोखंडी टोप पडलाय, घालावा की नको? शापित असला तर डोक्यावरून निघणार नाही. पिल्लू त्यावरून खुशाल चालत गेलं तर घ्यावा. पिल्लाच्या चालण्याकडे बघत दहा-बारा टर्न नुसतं थांबून राहणं, हे मी जुलैत कधीच केलं नसतं.

आता एल्बेरेथ. जमिनीवरच्या धुळीत बोटाने हा शब्द लिहायचा: कॅपिटल ई दाबायचा, मग वजाची खूण, मग शब्द. त्यावर उभं असेपर्यंत बहुतेक प्राणी अंगावर येत नाहीत, पळतात. माणसं आणि मिनोटॉर त्याला जुमानत नाहीत, दुकानदारही नाही. ३.६ मध्ये त्यावर उभं राहून आपणच वार केला तर शब्द पुसला जातो, आणि कुणी घाबरून पळतानाही सातांत एकदा पुसला जाण्याची शक्यता असते. लिहिताना अक्षर बिघडू शकतं, म्हणून लिहून झाल्यावर वाचून बघावं. काही जण हाच सगळ्यावरचा उपाय मानतात. मला तसं वाटत नाही. तो दोन श्वास देतो, आणि त्या दोन श्वासांत कुठे जायचं हे आधी ठरलेलं असेल तरच त्याचा उपयोग.

गणपतीच्या आधल्या आठवड्यात पहिल्यांदा नोमिश खाणीत उतरले. दुसऱ्या ते चौथ्या मजल्यात कुठेतरी खाली जाणारा दुसरा एक जिना सापडतो, तो या खाणीत नेतो. तिथे खोल्या नाहीत, सगळी वेडीवाकडी गुहा, आणि झुंडीने येणारे बुटके नोम. नोम सोपे. त्यांच्यातला लाल एच, म्हणजे ड्वार्फ, सोपा नाही. त्याच्या हातात मॅटक, म्हणजे दोन हातांनी चालवायची जड कुदळ असली तर एकेका घावाला वीसपर्यंत एचपी जातात. खाणीच्या दुसऱ्या मजल्यावर मी चोवीसवर होते. एक घाव, तेरा. निम्म्याच्या वर, म्हणून मी कळ दाबली. दुसरा घाव, दोन. प्रार्थना सहाशे टर्नांपूर्वी केलेली. तरी केली, आणि ऐकली गेली नाही.

शिल्लक या रकान्यात त्या रात्री लिहिलं: एक खंजीर, जिना तीन घरांवर. आणि खाली एक ओळ: ज्याचा एक घाव आपल्या निम्म्या एचपीइतका, त्याच्यासमोर कमर धरायची ती पहिल्याच घावाला. पूर सगळ्याच वर्षी सारख्या वेगाने चढत नाही, हे मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

मामेभाऊ शनिवारी आला. लाँगबुक चाळत म्हणाला, "ताई, तू माणूस-वाल्किरी का घेतेस? ड्वार्फ वाल्किरी घे ना. खाणीतले बहुतेक सगळे तुझेच नातेवाईक होतील." हे मला सुचलंच नव्हतं. वंश निवडताना ड्वार्फ म्हटलं की नोम आणि ड्वार्फ शांत राहतात, वाटेत आडवे आले तर खेळ विचारतो, खरंच हल्ला करायचा का? नाही म्हणायचं आणि बाजूने जायचं. अंधारात गरम रक्ताचे प्राणीही दिसतात.

तीच घेतली. चार दिवसांनी पुन्हा खाणीच्या दुसऱ्या मजल्यावर पोचले आणि गुहेचा आकार ओळखीचा वाटला. डावीकडे वळणारी ती अरुंद वाट, पुढे फुगीर जागा. मी थांबले. भुयार दर वेळी नवं असतं. ओळखीचं वाटायला नको होतं. पण नेटहॅकमध्ये कधी कधी, चौथ्या मजल्यापासून खाली, मेलेल्या पात्राचा मजला जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि पुढच्या एखाद्या खेळात तो समोर येतो. याला बोन्स म्हणतात. सामान असतं, पण बहुतेक शापित. पात्राचं भूतही असतं, आणि ते पडद्यावर रिकाम्या घरासारखं दिसतं.

मी सेमीकोलन दाबून त्या रिकाम्या घरावर बोट ठेवलं. माझ्याच नावाचं भूत होतं. त्याच्या शेजारच्या घरात लाल एच उभा होता. त्याच्यावर बोट ठेवलं. पीसफुल ड्वार्फ. ज्याने मला कुदळीने दोन घावांत मारलं होतं तोच, त्याच जागी, आता शांत. नव्या पात्राचा वंश बघून खेळाने त्याचं वैर काढून घेतलं होतं.

मी किती वेळ तशीच बसले ते सांगता येत नाही. माझी लांब तलवार, माझी ढाल तिथे पडलेली असणार. पिल्लू त्या बाजूला सरकलं नाही. मीही गेले नाही. वळसा घालून खालच्या जिन्याकडे गेले. ड्वार्फ माझ्या मागे थोडा आला, मग आपल्या वाटेने गेला.

खाणीतलं गाव, माइनटाउन, लागलं. तिथल्या वेदीवर सगळं सामान एकेक करून ठेवलं. काळी चमक आली तर शापित, पिवळसर आली तर आशीर्वादित. टोप साफ निघाला, एक अंगठी काळी निघाली, ती तिथेच टाकली. मग वर येऊन मुख्य भुयारात, पात्राने अनुभवाची पाचवी पातळी गाठल्यावर, तिसऱ्या मजल्यावरच्या कारंज्यात लांब तलवार बुडवली. देव न्यायाच्या बाजूचा असलेल्या पात्राला सहांत एक या प्रमाणात एक्सकॅलिबर मिळते. ड्वार्फ वाल्किरीचा देव तसाच असतो. चौथ्या बुडीला मिळाली. कारंज्यातून साप निघण्याचा धोका असतो, म्हणून पूर्ण एचपी असतानाच बुडवावी. कारंज्याचं पाणी मात्र मी पीत नाही.

सहाव्या मजल्यावर सोल्जर अँट भेटल्या. निळा ए, दोन. आपण बारा पावलं टाकतो तेवढ्यात त्या अठरा टाकतात आणि प्रत्येक वेळी चावतातही, डंखही मारतात. माझे कमाल एचपी ४८. ४८, ३९, ३१, २३.

२३ दिसले आणि मी हात उचलले. खाली गेले. मामी भाकरी थापत होत्या. मी चहा टाकला, कप घेऊन वर आले. पडद्यावर दोन्ही मुंग्या तशाच होत्या, एक डावीकडे, एक समोर. लाँगबुक उघडून लिहिलं: वरचा जिना सहा घरांवर, पळून पोचणार नाही, त्या जास्त वेगाच्या. खंजीर तीन. प्रार्थना शेवटची टर्न १२१२ ला, आता २९०० च्या पुढे, म्हणजे ती आहे. पण एचपी सहावर येईपर्यंत वापरता येणार नाही, आणि या दोघी एका टर्नमध्ये २३ चे सहाऐवजी शून्यही करू शकतात. एल्बेरेथ. जिना चढताना शेजारच्या घरात असेल तेवढाच प्राणी मागे येतो.

ही शेवटची ओळ लिहिताना पुढचं दिसलं. कॅपिटल ई, वजा, शब्द. लिहून वाचला, अक्षरं बरोबर होती. दोघी मागे हटल्या. मी तिथे विश्रांती घेतली नाही. त्या लांब गेल्याबरोबर जिन्याकडे चालायला लागले. चौथ्या घरात एक परत आली, एक डंख, १७. जिन्यावर पोचले तेव्हा तीच शेजारी होती, दुसरी दोन घरं मागे. वर चढले. एकटी मुंगी सोबत आली. वरच्या मजल्यावर मी मागे ठेवलेलं मांजर होतं, आता पिल्लू राहिलं नव्हतं. आम्ही दोघांनी तिला मारलं. १४ उरले.

मग वीस-वीस टर्न शोधत बसण्याची आज्ञा देत, एचपी चाळीसच्या वर येईपर्यंत बसून राहिले. चहा निवला होता. खाली परत गेले तेव्हा दुसरी मुंगी एकटीच होती आणि मी जिन्यावरून हलले नाही.

त्या दिवशी लाँगबुकात मरणाची ओळ आली नाही, तरी मी शिल्लक लिहून ठेवली: खंजीर तीन, प्रार्थना एक.

एकूण नोंदी सध्या तेवीस आहेत. ही ड्वार्फ वाल्किरी चोविसावी, आणि ती अजून चालू आहे. काल सोकोबानच्या पहिल्या मजल्यावर पोचली. ओरॅकल, म्हणजे भविष्य सांगणारी, जिथे असते त्याच्या लगतच्या मजल्यावरून एक जादा जिना वर जातो, तिथे मोठे दगड ढकलत खड्डे बुजवायचे असतात. एक दगड चुकीच्या कोपऱ्यात गेला की वाट बंद, त्यामुळे मी एका वेळी चार-पाच ढकलण्यांपलीकडे जात नाही आणि कॅपिटल एस दाबून सेव्ह करून झोपते.

मामांना खेळ कळत नाही, अक्षरं दिसतही नाहीत त्यांना चष्म्याशिवाय. पण दुकान बंद करून आले की जिन्यातूनच विचारतात, "काय गं, आज पाणी कुठवर?"

काल मी वरून सांगितलं, "घोट्यालाही नाही, मामा. चौसष्टातले एकसष्ट आहेत."

"मग ये जेवायला," म्हणाले.